पैसे आहेत, पण खर्च करवत नाही

प्रश्न असा आला आहे: "वडील ६८ वर्षांचे आहेत. निवृत्तिवेतन पुरेसं आहे, शिल्लक भरपूर आहे, डोक्यावर कर्ज नाही. तरी स्वतःसाठी काही म्हणून घेत नाहीत. दोन वर्षांपासून ऐकू कमी येतं, पण कानाचं मशीन घ्यायला तयार नाहीत. चष्म्याची दांडी दोऱ्याने बांधून वापरतात. आईने काही आणलं की आधी किंमत विचारतात आणि मग दोन-दोन दिवस अबोला धरतात. नातेवाईक तोंडावर कवडीचुंबक म्हणतात. याला नेमकं म्हणायचं काय? हा स्वभाव आहे की आजार? आणि आम्ही करायचं काय?"

आधी मला तुमच्याकडूनच एक गोष्ट कळायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर ठरतं. वडील पहिल्यापासून असेच आहेत, की हे अलीकडे सुरू झालं? 'दोन वर्षांपासून' असं तुम्ही कानाबद्दल लिहिलंय, खर्चाबद्दल नाही. म्हणून हात आखडता घेण्याची सवय जुनी आहे असं मी धरून चालते. तरी आई आणि तुम्ही एकदा निवांत बसून आठवून बघा. पन्नाशीत ते कसे होते? तुमच्या शिक्षणाच्या वेळी, घरातल्या आजारपणात, पाहुणे आल्यावर कसे वागायचे?

हे विचारण्याचं कारण गंभीर आहे. उभं आयुष्य मोकळ्या हाताने जगलेला माणूस साठी-सत्तरीत एकाएकी पैशाला चिकटून बसला, तर त्याला स्वभाव म्हणून सोडून देऊ नये. उतारवयातल्या तीव्र नैराश्यात कधी कधी दारिद्र्याचा भ्रम होतो. खात्यातली शिल्लक छापून पुढ्यात ठेवली तरी माणूस म्हणतो, हे आकडे खरे नाहीत, आपण बुडालोय, आता रस्त्यावर यायची वेळ येणार. तो औषधं नाकारतो, जेवणही कमी करतो, कारण त्याच्या मते 'परवडत नाही'. सोबत पहाटे फार लवकर जाग येणं, वजन उतरणं, जुन्या बारीकसारीक चुकांबद्दल स्वतःला दोष देत बसणं, हे असतं. घरचे लोक याला 'म्हातारपणी चिक्कू झाले' म्हणतात आणि महिने वाया जातात. हा आजार चांगला बरा होतो. औषधांनी होतो, आणि फार तीव्र अवस्थेत ज्याला लोक शॉक ट्रीटमेंट म्हणून घाबरतात त्या ईसीटीनेही होतो, तोही बऱ्याचदा लवकर.

दुसरी शक्यता स्मृतिभ्रंशाच्या सुरुवातीची. आकडेमोड जमेनाशी झाली की माणसाला सांगितलेली किंमत रास्त आहे की नाही याचा अंदाज येत नाही. मग सगळ्यात सुरक्षित उत्तर म्हणजे 'नको'. बाहेरून ते कंजूषपणासारखं दिसतं. पैसे कुठेतरी जपून ठेवायचे, जागा विसरायची आणि मग घरातल्याच कुणावर संशय घ्यायचा, हेही याच वाटेवरचं. यातलं काही ओळखीचं वाटलं तर उरलेलं उत्तर नंतर वाचा. आधी डॉक्टरांची वेळ घ्या.

आता सवय जुनीच आहे असं धरून पुढे जाऊ.

शब्दाबद्दल विचारलंत. मराठीत शब्दांना तोटा नाही: चिक्कू, चिंगूस, कंजूष, कृपण, कवडीचुंबक. ऐपत असून, गरज असून, खर्च न करणारा माणूस या सगळ्यांत येतो. लिहिताना कंजूष किंवा कृपण चालेल, बाकीचे शब्द नावं ठेवायचे आहेत. काटकसरी माणसाला मात्र या रांगेत बसवू नका, तो वेगळा का ते पुढे सांगते. घरात यातला एकही शब्द वापरू नये असं माझं स्पष्ट मत आहे. वडिलांच्या मते ते सावध आहेत, शहाणे आहेत, आणि बाकी सगळे बेफिकीर. त्यांना कवडीचुंबक म्हटलं की बोलणं मशीनवरून उडून इभ्रतीवर जातं. मग मशीन न घेणं ही स्वाभिमानाची गोष्ट होऊन बसते. नातेवाइकांना हे तुम्ही सांगायला हवं, आणि थोडं कडक शब्दांत सांगितलं तरी हरकत नाही.

आजार की स्वभाव? कंजूषपणा नावाचा स्वतंत्र आजार वैद्यकात नाही. पण एका व्यक्तिमत्त्वविकाराच्या लक्षणांत त्याची नोंद आहे. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेची निदानपुस्तिका डीएसएम-५ (२०१३) ऑब्सेसिव्ह कम्पल्सिव्ह पर्सनॅलिटी डिसऑर्डर, म्हणजे अतिकाटेकोर व्यक्तिमत्त्वविकार, याची आठ लक्षणं देते आणि निदानासाठी त्यांतली किमान चार असावी लागतात. एक लक्षण असं की माणूस स्वतःवर आणि दुसऱ्यांवर खर्च करताना कंजूषपणा करतो, आणि पैसा म्हणजे पुढच्या संकटांसाठी साठवून ठेवायची गोष्ट असं मानतो. बाकीची लक्षणं: याद्या आणि नियमांत गुरफटून मूळ काम राहून जाणं, परिपूर्णतेच्या नादात काम पुरं न होणं, विश्रांती आणि मित्रमंडळी सोडून कामाला जुंपून घेणं, नीतीच्या बाबतीत कमालीचा ताठरपणा, निरुपयोगी वस्तूही टाकून न देणं, आपल्याच पद्धतीने होणार असेल तरच दुसऱ्याला काम सोपवणं, आणि हट्टीपणा. त्याच पुस्तिकेनुसार हा विकार २.१ ते ७.९ टक्के लोकांत आढळतो, म्हणजे दुर्मीळ मुळीच नाही.

ही लक्षणं एकत्र नांदतात हे निरीक्षण बरंच जुनं आहे. मनोविश्लेषणाचा जनक फ्रॉइड याने १९०८ मध्ये एका छोट्या निबंधात नीटनेटकेपणा, कंजूषपणा आणि हट्ट या तिघांची सांगड सांगितली होती. त्याने दिलेलं कारण, लहानपणी शौचाची सवय लावताना काय घडलं वगैरे, पुढे पुराव्यावर टिकलं नाही. सांगड मात्र टिकली. तुमच्या वडिलांकडे या नजरेने एकदा बघा. प्रश्न फक्त खर्चाचा आहे, की टॉवेल कसा वाळत घालायचा, दार कुठल्या क्रमाने लावायचं, कुणी किती वाजता उठायचं, यावरूनही घर तंग असतं? फक्त खर्चाचा असेल तर त्याला विकार म्हणू नका. अनेक लक्षणं जुळली तरी निदान घरी बसून करायचं नसतं.

'ओसीडी' (ऑब्सेसिव्ह कम्पल्सिव्ह डिसऑर्डर) हा शब्द लोक इथे सर्रास वापरतात, तो मात्र वेगळा आजार आहे. ओसीडी असलेल्या माणसाला आपले विचार नकोसे वाटतात, तो त्यांच्याशी झगडत असतो. या व्यक्तिमत्त्वाच्या माणसाला आपलं वागणं बरोबरच वाटतं, त्रास भोवतालच्यांना होतो. म्हणूनच असे लोक स्वतःहून माझ्याकडे समुपदेशनाला क्वचित येतात. येते ती बायको किंवा मुलगी.

आणखी एक गोष्ट तपासून बघा, माझ्या दृष्टीने सगळ्यांत महत्त्वाची. हात कुणासाठी आखडतो? स्वतःसाठीही, की फक्त दुसऱ्यांसाठी? स्वतःचे कपडे, स्वतःचे शौक, मित्रांसोबतचा खर्च यात काही कमी नाही, पण बायकोला औषधासाठी चारदा मागावं लागतं, तर तो कंजूषपणा नाही. ती पैशाच्या जोरावर चालवलेली सत्ता आहे. अनेक देशांचे कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदे तिला आर्थिक छळ म्हणतात. तिथे समजूत काढण्याचे उपाय लागू पडत नाहीत, तिथे त्या बाईला स्वतःचा पैसा आणि कायद्याचा आधार लागतो. तुमच्या वडिलांची दोऱ्याने बांधलेली दांडी मात्र सांगते की ते सगळ्यात जास्त स्वतःचंच मन मारतात.

असा माणूस कसा असतो याचं एक गाजलेलं उदाहरण अठराव्या शतकातल्या इंग्लंडमधलं आहे. जॉन एल्वस (१७१४ ते १७८९) हा पार्लमेंटचा सदस्य होता आणि प्रचंड श्रीमंत. अंगावर फाटके कपडे, घराची पडझड झाली तरी दुरुस्ती नाही. एकदा अंधारात चालत येताना दोन्ही पायांना जखमा झाल्या, तर त्याने एकाच पायावर उपचार करू दिले. दुसरा पाय औषधाविना आधी बरा होईल अशी वैद्याशी त्याच्या फीवर पैज लावली, आणि ती जिंकला, असं त्याच्या चरित्रात सांगितलेलं आहे. पण हाच माणूस ओळखीच्यांना मोठमोठ्या रकमा कर्जाऊ द्यायचा आणि त्या परत मागायला संकोचायचा. त्यातले कितीतरी पैसे बुडाले. म्हणजे त्याला धनाचा लोभ होता असंही सरळ म्हणता येत नाही. स्वतःच्या पायावर खर्च करायची वेळ आली की हात थिजायचा, एवढंच खरं. माझ्याकडे आणले जाणारे बरेचसे लोक एल्वसच्या जातीचे असतात. मुलांच्या शिक्षणाला त्यांनी मागेपुढे पाहिलेलं नसतं, पण स्वतःचा दात काढायचा तर तो आपोआप पडायची वाट बघतात.

आतमध्ये नेमकं काय होतं?

समुपदेशनात मी अशा माणसाला एक कल्पना करायला सांगते. हवी असलेली वस्तू घेतली, पैसे देऊन झाले, तुम्ही घरी आलात, आता वस्तू वापरताय. कसं वाटतंय? बहुतेक जण सांगतात, बरं वाटतंय, घ्यायलाच हवी होती. मग म्हणते, आता थोडं मागे या, पैसे देतानाचा क्षण बघा. तिथे चेहरा पालटतो. खांदे वर येतात, श्वास छातीतच थांबतो, एक हात दुसऱ्या हाताचं मनगट धरतो. खोलीत वस्तू नाही, दुकानदार नाही, एक पैसाही खर्च व्हायचा नाहीये. तरी अंग आक्रसतं. वस्तू नको असते असं नाही, पैसे सोडण्याचा तो क्षण सोसवत नाही. 'जिवावर येतं' हा आपला वाक्प्रचार इथे अक्षरशः खरा आहे.

याचा अभ्यासही झाला आहे. २००७ मध्ये ब्रायन नटसन आणि सहकाऱ्यांनी लोकांना मेंदूच्या स्कॅनरमध्ये ठेवून आधी वस्तू दाखवली, मग किंमत दाखवली, मग घेणार का ते विचारलं. आवडती वस्तू दिसली की सुखाच्या अपेक्षेशी जोडलेला भाग चेतवला जायचा. किंमत जास्त वाटली की इन्सुला नावाचा भाग चेतवला जायचा, आणि तो दुखणं, किळस अशा नकोशा संवेदनांतही काम करतो. पुढच्याच वर्षी स्कॉट रिक, सिंथिया क्रायडर आणि जॉर्ज लोवेन्स्टाइन यांनी पैसे देताना होणारी ही वेदना मोजायची एक प्रश्नावली तयार केली. १३ हजारांहून अधिक लोकांनी ती भरली, आणि उधळ्यांपेक्षा चिक्कूंची संख्या जास्त निघाली. मला त्यातली एक गोष्ट फार मोलाची वाटते. त्यांच्या व्याख्येतला चिक्कू माणूस स्वतःच्याच इच्छेपेक्षा कमी खर्च करतो. त्याला स्वतःलाही वाटत असतं की आपण थोडा अधिक खर्च करायला हवा, पण करवत नाही.

काटकसरी माणूस वेगळा तो इथे. त्याला वाचवण्यात आनंद असतो, खर्चात वेदना नसते. तो चार ठिकाणी चौकशी करतो, योग्य ती वस्तू घेतो आणि समाधानाने वापरतो. चष्म्याची दांडी तुटली तर तो स्वस्तातली चांगली दांडी शोधून बसवून घेईल. दोरा बांधून वर्षानुवर्षं काढणारा माणूस तसं बघितलं तर पैसेही फारसे वाचवत नाही, फक्त तो क्षण पुढे ढकलत राहतो. दुखता दात, गळणारं छप्पर, न ऐकू येणारा कान, या सगळ्यांचा खर्च पुढे वाढतच जातो. हे त्यालाही कळतं.

असं का होतं, याचं एकच कारण नाही. प्राचीन ग्रीक तत्त्वज्ञ ॲरिस्टॉटलने दोन गोष्टी टिपून ठेवल्यात त्या आजही पटतात. वारशाने पैसा मिळालेल्यांपेक्षा स्वतः कमावणारा हात आखडतो, कारण त्याने टंचाई पाहिलेली असते आणि आपण निर्माण केलेल्या गोष्टीवर माणसाचा जीव जास्त असतो, ही एक. म्हातारपण आणि दुबळेपणा माणसाला कृपण बनवतात, ही दुसरी. तुमच्या वडिलांच्या लहानपणी घरात काय परिस्थिती होती, हे तुम्हाला नीट माहीत आहे का? बहुतेक मुलांना त्रोटकच माहीत असतं. टंचाईत वाढलेल्या मुलाने एक नियम शिकलेला असतो: हातातलं गेलं की परत येत नाही. त्या वेळी तो नियम खराच होता, त्यानेच घर तगलं. परिस्थिती बदलली तरी नियम बदलत नाही, कारण तो मोडून बघण्याची हिंमतच कधी झालेली नसते.

त्यात निवृत्ती येते. पगार बंद झाला की साठा पहिल्यांदाच फक्त कमी होणारी गोष्ट वाटू लागते, आणि तो किती वर्षं पुरवायचा हे कुणालाच ठाऊक नसतं. आजारपण किती, आयुष्य किती, महागाई किती. अनिश्चितता इतकी असली की कुठलीही शिल्लक पुरेशी वाटत नाही. म्हणून 'बाबा, तुमच्याकडे भरपूर आहे' हे वाक्य काम करत नाही. वेदनेला हिशोब दाखवून ती जात नाही. उंचीची भीती असलेल्याला कठड्याची मजबुती समजावून सांगण्यासारखं आहे ते.

मग करायचं काय? मशीनपुरतं आधी बोलते, कारण ती खरी निकड आहे. श्रवणदोषाला लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२० मध्ये आणि पुन्हा २०२४ मध्ये स्मृतिभ्रंशाच्या टाळता येण्याजोग्या जोखमींत धरलं आहे. नीट ऐकू न येणारा माणूस हळूहळू बोलण्यातून बाहेर पडतो. तुम्ही ज्याला अबोला म्हणता त्यात रुसवा किती आणि न ऐकू येणं किती, हेही एकदा तपासा.

मशीनबद्दल बोलताना 'जरा सुखाने जगा', 'हौस करा', 'आता उपभोगायचे दिवस आहेत' ही भाषा पूर्ण बंद करा. सुख हा शब्द अशा माणसाला खर्चाहून महाग वाटतो. रिक आणि सहकाऱ्यांच्याच प्रयोगांत मसाज सुखासाठी म्हणून मांडला तेव्हा चिक्कू लोक मागे राहिले, पाठदुखीवरचा इलाज म्हणून मांडला तेव्हा त्यांच्यातलं आणि उधळ्यांतलं अंतर बरंच कमी झालं. आणखी एका प्रयोगात टपालखर्चाचे पाच डॉलर 'लहानसे पाच डॉलर' असे लिहिले, तर तेवढ्यानेही चिक्कूंचे होकार वाढले. तेव्हा मशीन म्हणजे औषध, कानाचा चष्मा, डॉक्टरांनी लिहून दिलेली गोष्ट. शक्यतो ती डॉक्टरांच्याच तोंडून यावी, तुमच्या नव्हे.

पैसे देण्याची पद्धतही ठरवून घ्या. ड्राझेन प्रेलेक आणि लोवेन्स्टाइन यांनी १९९८ मध्ये मांडलं होतं की आधी पैसे भरून झाले असतील तर नंतरचा उपभोग फुकटासारखा वाटतो, आणि वापरताना मीटर डोळ्यांसमोर पळत असेल तर दर क्षणी टोचतं. म्हणून देखभाल, तपासण्या, जुळवणी सगळं धरून एकच रक्कम एकदाच भरता येईल असं बघा. दर थोड्या दिवसांनी बॅटरी विकत घ्यावी लागणारं मशीन अशा माणसाला नको, चार्ज होणारं घ्या. नाहीतर बॅटरी वाचवायला ते मशीन बंद करून डबीत ठेवतील. हे मी पाहिलेलं आहे.

परत करण्याची मुदत आहे का, ते विचारून घ्या आणि वडिलांसमोरच विचारा. निर्णय मागे घेता येतो हे कळलं की तो क्षण पुष्कळ सुसह्य होतो. मात्र एक सूचना आधीच द्या: मशीन लावल्याबरोबर सगळं छान ऐकू येत नाही. भांड्यांचे, पंख्याचे, स्वतःच्या चावण्याचे आवाज अंगावर येतात आणि मेंदूला सवय व्हायला काही आठवडे जातात. हे ठाऊक नसेल तर दुसऱ्याच दिवशी 'पैसे पाण्यात गेले' असा निकाल लागेल आणि पुढची दहा वर्षं तोच पुरावा म्हणून वापरला जाईल.

दोन गोष्टी मात्र करू नका. किंमत खोटी सांगू नका. निम्मी किंमत सांगून वस्तू घरात आणायची युक्ती जवळजवळ प्रत्येक घर करतं, आणि ती एक ना एक दिवस उघडी पडते. ज्याच्या मनात 'लक्ष ठेवलं नाही तर पैसा जातो' अशी धास्ती आहे, त्याला तुम्ही ती धास्ती खरी असल्याचं सिद्ध करून देता. त्यानंतर तो प्रत्येक पावती मागेल. आणि परस्पर विकत आणून 'आता वापरा' असं हातात ठेवू नका. वस्तू कपाटात जाईल. तुम्हाला पैसे द्यायचे असतील तर उघडपणे द्या, पण निवड त्यांना करू द्या. चौकशी, तुलना, घासाघीस, सगळं त्यांचंच असू द्या. त्यांना त्यात गती आहे आणि त्यात कमीपणा काहीच नाही.

आता आई. तुमच्या प्रश्नात तिच्यावर एकच वाक्य आहे, पण सगळ्यात जास्त सोसणारी तीच दिसते. रिक, डेबोरा स्मॉल आणि एली फिंकेल यांच्या २०११ च्या अभ्यासात असं आढळलं की खर्चाबाबत विरुद्ध वृत्तीचे लोक एकमेकांकडे ओढले जाऊन लग्न करतात, आणि पुढे त्याच फरकावरून त्यांच्यात पैशाची भांडणं जास्त होतात. म्हणजे दर वस्तूवरचा वाद दर वस्तूपाशी मिटणार नाही, व्यवस्था बदलावी लागेल. महिन्याची एक ठरावीक रक्कम आईच्या नावावरच्या खात्यात आपोआप जावी. त्यातल्या खर्चाची किंमत विचारायची नाही, हिशोब मागायचा नाही. रक्कम दोघांनी मिळून ठरवायची, आणि सुरुवातीला वडिलांना पटेल तेवढीच ठेवली तरी चालेल. त्यांना यात एक फायदा आहे: खर्चाला वरची मर्यादा आहे हे त्यांना कळतं. त्यांची भीती रकमेपेक्षा अंत नसलेल्या गळतीची असते. दर वेळी मनाविरुद्ध हो म्हणण्यापेक्षा एकदाच हो म्हणणं त्यांना सोपं जातं. आईच्या औषधोपचाराचा खर्च या रकमेत धरायचा नाही. तो चर्चेचा विषयच नसावा, आणि वडील तिथेही आडवे येत असतील तर मी वर सत्तेबद्दल लिहिलं ते पुन्हा वाचा आणि आईच्या बाजूने ठाम उभ्या राहा.

हीच रीत वडिलांच्या स्वतःच्या खर्चालाही लागू करता येते, पण घाई करू नका. एक छोटी रक्कम बाजूला काढायची, तिला 'दुरुस्त्या' असं साधं नाव द्यायचं. अर्थशास्त्रज्ञ रिचर्ड थेलरने दाखवून दिलं आहे की माणूस मनात पैशाचे वेगवेगळे कप्पे करतो आणि एका कप्प्यातला पैसा दुसऱ्यात सहज हलवत नाही. 'दुरुस्त्या' या कप्प्यातून दांडी बसवणं सोपं जातं, 'आयुष्यभराच्या पुंजी'तून नाही. दांडी झाली की मग पुढची गोष्ट. मोडकं दुरुस्त करणं त्यांच्या तत्त्वातही बसतं. उपचारातही आम्ही हेच करतो: आधी सोसवेल एवढा लहान खर्च करायचा, नंतर काय वाटलं ते लिहून ठेवायचं, जी आपत्ती येईल असं वाटत होतं ती आली का ते आठवड्याने बघायचं. कंजूषपणावर गोळी नाही. सोबत चिंता किंवा नैराश्य असेल तर त्याला औषध आहे, आणि ते कमी झालं की हातही थोडा सैल होतो.

ॲरिस्टॉटलने कृपणता बरी होत नाही असं लिहून ठेवलंय. त्याच्याशी मी सहमत नाही. स्वभाव पालटत नाही हे खरं, पण एकेक खर्च सोपा होत जातो, आणि घरच्यांना तेवढंच हवं असतं. या माणसांच्या मनात एक हळहळही असते, ती फक्त विचारली जात नाही. रन किवेत्झ आणि अनात केनान यांनी २००६ मध्ये दाखवलं की मौजेवर खर्च केल्याची रुखरुख दिवसांसोबत विरते, तर सुख नाकारल्याची रुखरुख वर्षांसोबत वाढते. कधी वडील शांत असताना 'तेव्हा घ्यायला हवं होतं असं तुम्हाला कशाबद्दल वाटतं?' एवढंच विचारा आणि गप्प बसून ऐका. उत्तर आलं तर त्यावर लगेच 'मग आता घ्या ना' असं म्हणू नका.

सुरुवात कान-नाक-घशाच्या डॉक्टरांपासून करा. तिथे जायला सांगताना मशीनचा विषय काढूच नका. कधी कधी कानात नुसता मळ साठलेला असतो, तो काढल्यावर ऐकू येऊ लागतं, आणि वडिलांना हे सांगितलंत तर ते तयार व्हायची शक्यता बरीच आहे, कारण यात मोठा खर्च टळू शकतो. आईचीही तपासणी त्याच वेळी करून घ्या. ऐकण्याच्या चाचणीचा आलेख मिळेल तो घरी आणून वडिलांच्या हातात द्या. आकडे आणि कागद यांवर त्यांचा विश्वास असतो, तो त्यांना स्वतः वाचू द्या. त्याच फेरीत नेहमीच्या डॉक्टरांकडून झोप, भूक, वजन आणि स्मरणशक्तीचीही विचारपूस करून घ्या, आणि सुरुवातीला मी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर त्यांना आधीच चिठ्ठीवर लिहून द्या, म्हणजे वडिलांसमोर बोलावं लागणार नाही.